कलम ४१ आणि आयर्लंडचा कौल

आयर्लंडच्या राज्यघटनेतले कलम ४१ कुटुंबाविषयी आहे. एमॉन डी व्हॅलेरा यांच्या सरकारने तयार केलेली ही घटना १ जुलै १९३७ रोजी मतदारांनी मंजूर केली आणि त्याच वर्षी २९ डिसेंबरला ती अमलात आली. कुटुंबाचा पाया विवाह आहे आणि या संस्थेचे राज्य विशेष काळजीने रक्षण करील, अशी हमी या कलमात आहे. विवाह कोणाचा कोणाशी, हे मात्र तेव्हा कुठेच लिहिलेले नव्हते. १९३७ मध्ये ते लिहून ठेवावे असे कोणाच्या मनात येण्याचेही कारण नव्हते. अठ्ठ्याहत्तर वर्षांनी, २२ मे २०१५ रोजी, ही मोकळी राहिलेली जागा भरण्यासाठी आयरिश मतदार मतदान केंद्रांवर गेले, आणि समलिंगी विवाहाला देशव्यापी लोकमताने मान्यता देणारा आयर्लंड हा जगातला पहिला देश ठरला.

आयरिश घटनेतला स्वल्पविराम हलवायचा तरी सरकारला लोकांपुढे जावे लागते. संसदेच्या दोन्ही सभागृहांत विधेयक मंजूर होते, मग ते सार्वमताला जाते, आणि पडलेल्या मतांत ‘हो’चे एक मत जरी जास्त निघाले तरी दुरुस्ती होते. किमान अमुक टक्के मतदान झालेच पाहिजे, अशी अट नाही. मतपत्रिकेवर दुरुस्तीचा मजकूरही नसतो. विधेयकाचे नाव, त्याला मान्यता आहे का हा प्रश्न, आणि आयरिश व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत ‘हो’ आणि ‘नाही’चे चौकोन, एवढेच. मराठी वाचकाच्या ओळखीचा जनमत कौल म्हणजे १६ जानेवारी १९६७ चा गोव्यातला. महाराष्ट्रात विलीन होण्यासाठी फूल आणि वेगळे राहण्यासाठी दोन पाने अशी चिन्हे देऊन घेतलेल्या त्या कौलात विलीनीकरणाची बाजू ३४,०२१ मतांनी हरली. भारतीय घटनेत अशा मतदानाची सोय नसल्याने त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला होता. आयर्लंडमध्ये सार्वमत ही दर काही वर्षांनी येणारी नित्याची बाब आहे, आणि तिथली सर्वांत कडवट सार्वमते घरसंसाराच्या प्रश्नांवरच झाली.

कॅथलिक चर्चला घटनेत दिलेले विशेष स्थान १९७२ मध्ये फारशी खळखळ न होता काढून टाकले गेले. पण चर्चचा शब्द मतपेटीत चालेनासा झाला असा त्याचा अर्थ नव्हता. १९८३ मध्ये गर्भाच्या जगण्याचा हक्क घटनेत घालणारी दुरुस्ती दोन तृतीयांश मतांनी मंजूर झाली. १९८६ मध्ये घटस्फोटावरची बंदी उठवण्याचा प्रस्ताव आला. सुरुवातीच्या चाचण्यांत प्रस्तावाची बाजू पुढे होती. मग शेतजमिनीचे काय होणार, पहिल्या बायकोच्या वारसाचे काय होणार, असे प्रश्न विचारले जाऊ लागले आणि प्रत्यक्ष मतदानात ६३ टक्क्यांहून अधिक लोकांनी ‘नाही’ म्हटले. नऊ वर्षांनी, २४ नोव्हेंबर १९९५ रोजी, तोच प्रश्न पुन्हा विचारला गेला तेव्हा घटस्फोट ९,११४ मतांनी तरला. त्या दिवशी पश्चिमेकडे मुसळधार पाऊस होता आणि विरोधातली बरीच ग्रामीण मते त्या पावसाने घरातच अडवली, असे राजकारणातली मंडळी पुढे सांगत राहिली. २०१५ च्या प्रचारकांना १९९५ च्या विजयापेक्षा १९८६ ची घसरण जास्त आठवत होती. चाचण्यांतले सत्तर टक्के मतदानाच्या दिवसापर्यंत टिकत नाहीत, हा धडा त्यांनी पाठ केला होता.

समलिंगी संबंध तर आयर्लंडमध्ये १९९३ पर्यंत गुन्हाच होते. त्यासाठीचे कायदे ब्रिटिश अमदानीतले होते, १८६१ आणि १८८५ चे. १८८५ च्या कायद्याखालीच डब्लिनमध्ये जन्मलेल्या ऑस्कर वाइल्डला १८९५ साली लंडनमध्ये शिक्षा झाली. त्याच राजवटीने १८६० मध्ये भारतीय दंडसंहितेत ३७७ वे कलम घातले होते. दोन्ही देश स्वतंत्र झाले, पण हा वारसा दोघांनीही दीर्घकाळ जपला. भारतात प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते ते कलम सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी निष्प्रभ केले.

आयर्लंडमध्ये हे काम एका प्राध्यापकाने अंगावर घेतले. डेव्हिड नॉरिस डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात इंग्रजी शिकवत, जेम्स जॉइसचे ते अभ्यासक. त्यांनी या कायद्यांना न्यायालयात आव्हान दिले. १९८३ मध्ये आयर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी त्यांना नकार दिला. हे राष्ट्र ख्रिस्ती परंपरेचे आहे, हा त्या निकालातला एक आधार होता. नॉरिस युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेले आणि २६ ऑक्टोबर १९८८ रोजी आठ विरुद्ध सहा मतांनी जिंकले. सरकारने त्यानंतरही पाच वर्षे चालढकल केली. अखेर १९९३ मध्ये न्यायमंत्री मॉयरा गेगन-क्विन यांनी विधेयक आणले. त्यावर सही करणाऱ्या राष्ट्राध्यक्ष मेरी रॉबिन्सन यांनी वकील असताना नॉरिस यांचीच बाजू मांडली होती.

गुन्हा पुसला गेला, तरी नात्याला कायद्यात जागा नव्हती. कॅथरिन झापोन आणि अॅन लुइस गिलिगन या आयर्लंडमध्ये राहणाऱ्या जोडप्याने सप्टेंबर २००३ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरला जाऊन लग्न केले आणि परत आल्यावर आयकर खात्याला पत्र लिहिले, की आमची करआकारणी विवाहित जोडप्याप्रमाणे करा. विवाहाच्या हक्काचा हा ऐतिहासिक खटला प्राप्तिकराच्या सवलतीवरून सुरू झाला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. नात्याला कायद्याची मान्यता नसते तेव्हा ती उणीव भाषणांपेक्षा कराचे कागद, घराचा वारसाहक्क आणि इस्पितळातल्या ‘रुग्णाशी नाते’ या रकान्यातच जास्त बोचते. १४ डिसेंबर २००६ रोजी उच्च न्यायालयाने निकाल दिला. घटनेत व्याख्या नसली तरी विवाह म्हणजे स्त्री आणि पुरुष यांचाच, असे न्यायालयाने म्हटले.

मधला मार्ग म्हणून २०१० मध्ये नागरी भागीदारीचा कायदा झाला आणि १ जानेवारी २०११ पासून तो लागू झाला. वारसा, कर, निवृत्तिवेतन यांत त्याने बरेच काही दिले. मुलांच्या बाबतीत मात्र हात आखडता घेतला. चळवळीत यावरून दोन तट पडले. एका गटाचे म्हणणे, मिळते ते पदरात पाडून घ्यावे आणि पुढचे पुढे. दुसऱ्या गटाला ही दुय्यम नागरिकत्वाची पावती वाटत होती, आणि भागीदारी व विवाह यांत दीडशेहून अधिक कायदेशीर फरक आहेत, हे त्याने मोजून दाखवले. पुढे दोन्ही गट सार्वमतासाठी एका छत्राखाली आले. शेजारपाजारचे समलिंगी जोडपे रीतसर नोंदणी करून संसार करते आहे आणि आभाळ कोसळलेले नाही, हे चार वर्षे लोकांनी पाहिले. भागीदारीच्या कायद्याचा खरा उपयोग बहुधा हाच झाला.

विवाहाचा कायदा करायला खरोखर सार्वमत लागत होते का, यावर आयरिश कायदेपंडितांचे एकमत नव्हते. घटनेत व्याख्या नाही, म्हणून संसदेने साधा कायदा केला तरी भागेल, असे एक मत होते. पण तो कायदा न्यायालयात टिकला नाही तर सगळेच मुसळ केरात, ही भीती सरकारला होती. मतदानाला खुद्द समलिंगी नागरिकांपैकी अनेकांचा तात्त्विक आक्षेप होता. अल्पसंख्याकांचे हक्क बहुसंख्याकांनी मते टाकून ठरवायचे, ही कल्पनाच त्यांना अपमानास्पद वाटत होती. आपल्या लग्नासाठी अनोळखी लाखो लोकांची परवानगी कोणी का मागावी? उलट बाजूने असेही म्हटले जाई, की न्यायाधीशांनी दिलेला हक्क वरून लादलेला वाटतो आणि लोकांनी दिलेला हक्क कोणी सहज काढून घेऊ शकत नाही.

तोपर्यंतचा जगाचा अनुभव पहिल्या बाजूचे भय खरे ठरवणारा होता. अमेरिकेत असे मतदान बहुतेक वेळा समलिंगी विवाह रोखण्यासाठीच वापरले गेले. १९९८ मध्ये हवाई आणि अलास्का या राज्यांपासून सुरुवात झाली, आणि २००४ या एकाच वर्षात तेरा राज्यांच्या मतदारांनी बंदी मंजूर केली. कॅलिफोर्नियात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने दिलेला हक्क ४ नोव्हेंबर २००८ च्या ‘प्रस्ताव ८’ ने ५२ टक्के मतांनी परत घेतला. त्याच दिवशी तिथल्या मतदारांनी बराक ओबामांना भरघोस मते दिली होती. मेन राज्यात विधिमंडळाने केलेला कायदा २००९ मध्ये मतदारांनी रद्द केला. तीन वर्षांनी, नोव्हेंबर २०१२ मध्ये, त्याच राज्याने तो मंजूर केला आणि मेरीलँड व वॉशिंग्टन या राज्यांनीही त्याच दिवशी होकार दिला. युरोपात क्रोएशियाने १ डिसेंबर २०१३ रोजी ‘विवाह म्हणजे स्त्री-पुरुषांचाच’ हे वाक्य सार्वमताने घटनेत घातले. तिथे मतदान झाले अवघे ३८ टक्क्यांच्या आसपास, पण बाजूने मते पडली ६५ टक्क्यांहून अधिक.

आयर्लंडची वाट यापेक्षा वेगळी निघाली, आणि त्याचे श्रेय बऱ्याच अंशी एका राजकीय टाळाटाळीला द्यावे लागेल. २०११ मध्ये सत्तेवर आलेल्या आघाडीतल्या लेबर पक्षाला सार्वमत हवे होते. मोठा भागीदार फाइन गेल आणि त्याचे नेते, पंतप्रधान एंडा केनी, यांना हा विषय पेलवेल याची खात्री नव्हती. तेव्हा तो दुसऱ्या सात विषयांच्या गठ्ठ्यात बांधून घटना परिषदेकडे पाठवण्यात आला. परिषदेत शंभर जण होते. टॉम अर्नल्ड हे अध्यक्ष, तेहेतीस राजकारणी, आणि उरलेले सहासष्ट मतदारयाद्यांच्या आधारे यदृच्छेने निवडलेले सामान्य नागरिक. त्यांना कुठल्या पक्षाचा आदेश नव्हता आणि पुन्हा निवडून येण्याची चिंताही नव्हती.

एप्रिल २०१३ मधल्या एका शनिवार-रविवारी डब्लिनजवळच्या मॅलाहाइड गावातल्या हॉटेलात ही मंडळी गोल टेबलांभोवती बसली. कायदेतज्ज्ञांनी टिपणे मांडली, बालसंगोपनाचे अभ्यासक बोलले, कॅथलिक बिशपांचे प्रतिनिधी बोलले, समलिंगी पालकांच्या घरात वाढलेली तरुण मुलेही बोलली. मग टेबलाटेबलावर चर्चा झाली आणि शेवटी गुप्त मतदान. घटना बदलावी असे ७९ जणांनी म्हटले, १९ जण विरोधात गेले. प्रश्न थंड बस्त्यात पडावा म्हणून शोधलेल्या जागेतूनच तो असा उसळून वर आला. त्याच वर्षी नोव्हेंबरात मंत्रिमंडळाने २०१५ च्या पूर्वार्धात सार्वमत घेण्याचे ठरवले.

सरकारने तयारीत एक हुशारी दाखवली. समलिंगी जोडप्यांना दत्तक घेता यावे का, हा प्रश्न विवाहाच्या मतदानात मिसळला तर १९८६ सारखी गत होईल, हे ओळखून मुले आणि कौटुंबिक नाती यांविषयीचा वेगळा कायदा आधीच संसदेतून करून घेतला. एप्रिल २०१५ मध्ये त्यावर सही झाली. मुलांचा विषय तेवढ्याने प्रचारातून गेला नाही, पण ‘ते आधीच ठरलेले आहे, या मतदानाने त्यात फरक पडत नाही’ हे उत्तर हाताशी आले.

मसुद्याच्या शब्दांवरून मात्र सरकारची फजिती झाली. इंग्रजी वाक्य सरळ होते: दोन व्यक्तींना, त्यांच्या लिंगात भेद न करता, कायद्यानुसार विवाहाचा करार करता येईल. पण आयर्लंडमध्ये दोन भाषांतल्या पाठांत विसंगती निघाली तर आयरिश पाठ प्रमाण मानला जातो, आणि जानेवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयरिश मसुद्याचा अर्थ साधारण असा होत होता: ‘दोघांना, मग ते पुरुष असोत वा स्त्रिया, विवाह करता येईल.’ मराठीतही हे वाक्य वाचून पाहिले तर गोची लगेच ध्यानात येते. दोघेही पुरुष किंवा दोघीही स्त्रिया, असा त्याचा अर्थ लावता येतो. मग एक पुरुष आणि एक स्त्री यांचे काय? समलिंगी विवाहाला वाट करून देता देता देशातली बाकीची सगळी लग्नेच घटनाबाह्य ठरतील, असा मुद्दा एका ज्येष्ठ पत्रकाराने वर्तमानपत्रातून मांडला. सरकारने आधी तो उडवून लावला आणि मग गुपचूप मसुदा बदलला. ‘लिंगाचा विचार न करता’ अशा अर्थाचे नवे आयरिश शब्द आले. बहुसंख्य नागरिक रोजच्या व्यवहारात जी भाषा बोलत नाहीत, तिच्या व्याकरणावर साऱ्या देशाच्या विवाहसंस्थेचे भवितव्य काही दिवस असे टांगले गेले होते.

चर्चचे बळ या वेळी १९८३ इतके राहिलेले नव्हते. २०११ च्या जनगणनेत ८४ टक्के लोकांनी स्वतःला कॅथलिक म्हटले होते. पण २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन चौकशी अहवालांनी धर्मसंस्थांमधले मुलांचे छळ आणि वरिष्ठांनी त्यावर घातलेले पांघरूण उघडे केले होते. मुलांच्या हिताच्या नावाने बिशपांनी काही बोलावे आणि ते निमूट ऐकून घेतले जावे, असे दिवस सरले होते. बिशपांनाही त्याची जाणीव असावी. त्यांनी पत्रके काढली, चर्चमधून ती वाचली गेली, आणि कायदा झाला तर पाद्री सरकारतर्फे विवाहनोंदणीचे काम करणे थांबवतील असा इशाराही दिला गेला. प्रत्यक्ष विरोधाची धुरा मात्र धर्मगुरूंऐवजी आयोना इन्स्टिट्यूटसारख्या संस्था, ‘मदर्स अँड फादर्स मॅटर’ हा गट आणि सिनेटर रोनन मुलन यांनी वाहिली.

विरोधकांची मुख्य मांडणी धर्माची नव्हती. विवाहाचा हेतू मुलांना त्यांचे जन्मदाते आई-बाप मिळावेत हा आहे, घटनेतला शब्द बदलला की हा हेतूच पुसला जाईल आणि उसन्या गर्भाशयाच्या धंद्याला मोकळे रान मिळेल, असे ते सांगत. ‘मुलांना आई आणि बाप दोघेही मिळायला हवेत’ अशा अर्थाची वाक्ये आणि गोंडस बाळांची छायाचित्रे असलेले फलक विजेच्या खांबांवर लटकले. एका फलकावरचे तरुण जोडपे आणि त्यांचे बाळ विकत मिळणाऱ्या छायाचित्रसंग्रहातले होते. त्या जोडप्याने पुढे येऊन जाहीर केले, की आपला पाठिंबा ‘हो’ला आहे. दुसरीकडे, अमेरिकी दानशूर चक फीनी यांच्या ‘अटलांटिक फिलांथ्रपीज’चा पैसा आधीची काही वर्षे समलिंगी हक्कांच्या संघटनांना मिळत होता. परदेशी पैशावर आयरिश घटना बदलली जाते आहे, हा विरोधकांचा आरोप त्यावर उभा होता आणि तो अगदीच हवेतला नव्हता. बहुतेक सगळे राजकीय पक्ष एका बाजूला झाल्याने पुढे ‘नाही’ म्हणणाऱ्या ३८ टक्के मतदारांना संसदेत जवळजवळ आवाजच नव्हता, ही तक्रारही दखल घेण्याजोगी होती.

सरकारला एका बाजूच्या प्रचारावर सार्वजनिक पैसा खर्च करता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९९५ चा निकाल आहे. रेडिओ-दूरचित्रवाणीला दोन्ही बाजूंना न्याय द्यावा लागतो. हे बंधन चांगल्यासाठी असले तरी त्यातून विचित्र प्रसंग उभे राहात. कोणी स्वतःच्या आयुष्याविषयी दोन वाक्ये बोलला, की त्याला समोरासमोर खोडून काढणारा वक्ता शोधावा लागे. जानेवारी २०१४ मध्ये रोरी ओ’नील, म्हणजेच स्त्रीवेशात रंगमंचावर येणारी पँटी ब्लिस, हिने सरकारी वाहिनीवर काही लेखक-प्रचारकांना समलिंगीद्वेष्टे म्हटले. त्यांनी कायद्याची नोटीस दिली आणि वाहिनीने ८५ हजार युरो भरपाई मोजली. पुढच्याच महिन्यात पँटीने डब्लिनच्या ॲबी थिएटरमध्ये नाटक संपल्यावर दहा मिनिटांचे भाषण केले. रस्ता ओलांडताना कोणी आपल्याकडे पाहून शिवी हासडली, की माणूस स्वतःची चाल, स्वतःचे कपडे कसे तपासू लागतो, हे तिने सांगितले. त्या भाषणाची चित्रफीत लाखो लोकांनी पाहिली.

१८ जानेवारी २०१५ रोजी, छत्तिसाव्या वाढदिवशी, आरोग्यमंत्री लिओ वराडकर यांनी रेडिओवरच्या मुलाखतीत आपण समलिंगी असल्याचे सांगितले. तसे जाहीर करणारे ते आयर्लंडचे पहिले मंत्री. त्यांचे वडील अशोक वराडकर मुंबईचे, पेशाने डॉक्टर. घराणे मूळचे मालवण तालुक्यातल्या वराड गावचे. कोकणात देवाला कौल लावण्याची रीत आहे. त्या मातीतून गेलेल्या घरातला मुलगा आयर्लंडच्या मतदारांकडे कौल मागत फिरत होता. माजी राष्ट्राध्यक्ष मेरी मॅकअलीस यांनी, स्वतः कॅथलिक असून, आपल्या समलिंगी मुलाची आई म्हणून ‘हो’ची बाजू घेतली.

‘येस इक्वॅलिटी’ या छत्राखालच्या कार्यकर्त्यांना ठरवून दिलेली शिस्त होती: वाद घालू नका, गोष्ट सांगा. संध्याकाळी सहानंतर, लोक कामावरून परतल्यावर, दोघादोघांनी दारे ठोठवायची. आधी नाव, मग गल्लीतली एखादी ओळख, मग आपण किंवा आपल्या घरातले कोण समलिंगी आहे ते. दार तोंडावर आपटले गेले तर वहीत खूण करून पुढे जायचे. अनेकांनी नंतर सांगितले, की हक्क मिळाला खरा, पण त्यासाठी आपल्या खासगी आयुष्याचे प्रदर्शन अनोळखी उंबरठ्यांवर मांडावे लागले. ‘हो’ म्हणणाऱ्या दारापेक्षा गप्प राहिलेले दार जास्त काळ मनात राहते. जिंकल्यावरही हा हिशेब कुठल्या आकडेवारीत आला नाही.

मतदारयाद्यांत ऐनवेळी साठ हजारांहून अधिक नावांची भर पडली. परदेशातल्या आयरिश नागरिकांना टपालाने मत देता येत नाही. देश सोडून दीड वर्ष झालेले नसेल आणि परतण्याचा इरादा असेल, तरच नाव यादीत राहते आणि मत द्यायला प्रत्यक्ष घरीच यावे लागते. म्हणून मतदानाच्या आदल्या दिवशी लंडनहून हॉलीहेडला जाणाऱ्या गाड्या आणि तिथून डब्लिनला सुटणाऱ्या बोटी तरुण मुलांनी भरून गेल्या. काही ऑस्ट्रेलिया-कॅनडाहून विमानाने आली. पोटापाण्यासाठी बाहेर गेलेल्यांची इतकी गर्दी आयरिश बंदरांनी एरवी उलट दिशेला जातानाच पाहिलेली होती.

मोजणी शनिवारी, २३ मे रोजी सकाळी नऊला सुरू झाली. आयर्लंडमध्ये मतपेट्या उघडल्या की कठड्यापलीकडे पक्षांचे जुने, सराईत कार्यकर्ते कागद-पेन्सिल घेऊन उभे राहतात आणि उलगडल्या जाणाऱ्या मतपत्रिकांकडे पाहून भराभर रेघा ओढत जातात. अधिकृत आकड्याच्या कितीतरी आधी त्यांना निकाल कळलेला असतो. त्या दिवशी दहाच्या सुमारास चित्र स्पष्ट झाले आणि विरोधकांच्या एका प्रमुख प्रवक्त्याने पराभव मान्य करून समोरच्यांचे अभिनंदनही केले. बाजूने १२,०१,६०७, विरोधात ७,३४,३००. मतदान साठ टक्क्यांहून थोडे जास्त, होकार ६२ टक्के. त्रेचाळीसपैकी बेचाळीस मतदारसंघांनी ‘हो’ म्हटले. एकटा रॉसकॉमन-साउथ लीट्रिम ५१ टक्क्यांनी विरोधात गेला. शहरात हो आणि गावात नाही, ही अपेक्षित फाळणी झालीच नाही. त्याच दिवशी मतदारांनी दुसऱ्या मतपत्रिकेवर राष्ट्राध्यक्षपदाची किमान वयोमर्यादा ३५ वरून २१ वर आणण्याचा प्रस्ताव ७३ टक्क्यांनी फेटाळला. मतदार लाटेत वाहून गेले, असे म्हणणाऱ्यांना ही दुसरी मतपत्रिका अडचणीची ठरते.

निकाल ऐकायला लोक डब्लिन कॅसलच्या प्रांगणात जमले होते, १९२२ पर्यंत जिथून ब्रिटिश सत्तेचा कारभार चाले तिथेच. झापोन यांनी कॅमेऱ्यांसमोर गिलिगन यांना पुन्हा एकदा लग्नाची मागणी घातली. न्यायालयातल्या आव्हानांचा निपटारा झाल्यावर २९ ऑगस्टला दुरुस्तीवर सही झाली. विवाहाचा नवा कायदा १६ नोव्हेंबर २०१५ ला लागू झाला आणि दुसऱ्याच दिवशी टिपररी परगण्यातल्या क्लॉनमेल गावात पहिले लग्न लागले. परदेशात झालेल्या विवाहांनाही आपोआप मान्यता मिळाली. त्यामुळे व्हँकुव्हरचे २००३ चे लग्न बारा वर्षांनी आयर्लंडमध्ये लागले, असे म्हणता येईल.

आयर्लंडनंतर दुसऱ्या देशांत झालेल्या मतदानांत निकाल सारखे लागले नाहीत. स्लोव्हेनियाच्या संसदेने केलेला कायदा त्याच वर्षी २० डिसेंबरला ६३ टक्के मतदारांनी रद्द केला. तिथे हक्क मिळाला तो २०२२ मध्ये घटनात्मक न्यायालयाकडून. तैवानमध्ये न्यायपीठाने २०१७ मध्येच बंदी घटनाबाह्य ठरवली होती, तरी २०१८ च्या सार्वमतात ७२ टक्के लोकांनी नागरी संहितेतला विवाह स्त्री-पुरुषांपुरताच ठेवा म्हटले. दोन्ही पाळायचे म्हणून मे २०१९ मध्ये तिथल्या संसदेने संहितेला हात न लावता वेगळा कायदा केला आणि त्याच्या नावात ‘विवाह’ हा शब्दच घातला नाही. नुसता न्यायपीठाच्या निर्णयाचा क्रमांक, ७४८. स्वित्झर्लंडने २६ सप्टेंबर २०२१ रोजी ६४ टक्क्यांनी होकार दिला, एकही कँटन विरोधात गेले नाही.

ऑस्ट्रेलियाची तऱ्हा न्यारीच. तिथे घटनेत बदल लागतच नव्हता. संसदेने २००४ मध्ये विवाहाची व्याख्या आवळली होती आणि तीच संसद ती सैल करू शकत होती. पण सत्ताधाऱ्यांतली भांडणे मिटेनात आणि सिनेट जनमताचे विधेयक मंजूर करीना. तेव्हा सरकारने सांख्यिकी खात्याकडून टपालाने ‘सर्वेक्षण’ करवून घेतले. मत सक्तीचे नव्हते, निकाल बंधनकारक नव्हता. तरी ७९.५ टक्के मतदारांनी लिफाफे परत पाठवले आणि १५ नोव्हेंबर २०१७ रोजी ६१.६ टक्के होकार जाहीर झाला. विरोधाचे पुढारी, माजी पंतप्रधान टोनी ॲबट, यांच्या स्वतःच्या मतदारसंघात तो ७५ टक्के होता, आणि पश्चिम सिडनीतल्या ब्लॅक्सलंडमध्ये जवळजवळ ७४ टक्के नकार. पुढच्याच महिन्यात संसदेने कायदा केला, जो ती पहिल्या दिवशीही करू शकली असती.

वराडकर जून २०१७ मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान झाले आणि डिसेंबर २०१९ मध्ये आईवडिलांसह वराडला येऊन गेले. कलम ४१ पुन्हा मतदारांपुढे नेण्याची वेळ त्यांच्याच सरकारवर आली. ८ मार्च २०२४ च्या सार्वमतात, कुटुंबाचा पाया विवाहाबरोबरच ‘टिकाऊ नाते’ हाही असू शकतो, असे शब्द त्या कलमात घालायचे होते. टिकाऊ म्हणजे किती वर्षे, कोणाचे, आणि ते ठरवणार कोण, याचे सरळ उत्तर प्रचारात मंत्र्यांनाही देता येईना. घटना परिषदेच्या धर्तीवर भरलेल्या नागरिकांच्या सभेने सुचवलेली शब्दरचना सरकारने बदलली होती, आणि दारोदार फिरायला फारसे कोणी बाहेर पडले नव्हते. मतदान ४४ टक्के झाले आणि ६७ टक्क्यांहून अधिक मतदारांनी नकार दिला. वराडकरांनी २० मार्चला राजीनाम्याची घोषणा केली. कुटुंबाचा पाया विवाह आहे, हे डी व्हॅलेरांच्या काळातले वाक्य घटनेत जसेच्या तसे राहिले आणि त्याच कलमात पुढे २०१५ चे वाक्यही.